अँबॅसॅडर मार्क ३ : पेट्रोल आणि टेंपरेचर, दोन्ही काटे एकदमच टोकाला जाऊन राहिले

लाल_मार्क३, नागपूर

नमस्कार मंडळी. वडिलांची १९७७ ची अँबॅसॅडर मार्क ३ आहे, १४८९ सीसी पेट्रोल. हिवाळ्यात गाडीचं डेंटिंग-पेंटिंग केलं, तेव्हाच सगळी वायरिंगही नवीन करून घेतली. आता गाडी छान चालते, लाइट, वायपर, इंडिकेटर व्यवस्थित आहेत. फक्त मीटरचा त्रास आहे.

सकाळी थंड इंजिनावर किल्ली फिरवली की टेंपरेचरचा काटा हळूहळू चढत ‘एच’च्याही पुढे जातो. पेट्रोलचाही तसाच, ‘एफ’च्या पार. टाकीत अर्धंच पेट्रोल आहे, हे काडी टाकून पाहिलंय. गाडी सुरू करून रेस केली तर दोन्ही काटे आणखी थोडे वर सरकतात.

ऑटो इलेक्ट्रिशियनने टेंपरेचरचा सेन्सर नवा बसवला, काही फरक नाही. मग टाकीचा फ्लोट बदलायला सांगितला, तोही बदलला. तरी तेच. आता ते म्हणतात मीटरच गेले, दोन्ही नवीन घ्या. मला डॅशबोर्डवरचे मूळ मीटर काढायचे नाहीत. ते वडिलांनी शोरूममधून आणलेल्या गाडीतले आहेत. कुणी मार्ग दाखवेल का?

कामठीरोडवाला

दादा, उन्हाळा सुरू झालाय. आपल्याकडे मे महिन्यात ४५ च्या वर जाऊन राहिलं. टेंपरेचर खरंच वाढत नसेल ना? रेडिएटर, फॅन बेल्ट, थर्मोस्टॅट पाहिलं का?

लाल_मार्क३

रेडिएटर रॉडिंग करून, म्हणजे आतल्या नळ्या साफ करून घेतलाय. आणि काटा तर इंजिन सुरू व्हायच्या आधीच चढतो. रात्रभर उभी गाडी, बोनेटवर हात ठेवला तर गार.

अजनी_शेड

मी रेल्वेच्या इलेक्ट्रिकल खात्यातून निवृत्त झालो, जुन्या गाड्यांचं वायरिंग घरी करतो. लाल_मार्क३, मीटर घेऊ नका, आणि कृपा करून आता एकही पार्ट बदलू नका.

दोन वेगवेगळ्या गोष्टी मोजणारे दोन काटे. एकाचा सेन्सर इंजिनावर, दुसऱ्याचा डिकीकडच्या टाकीत. दोन्ही एकाच वेळी, एकाच दिशेने, सारखेच चुकतात. सेन्सर आणि फ्लोट एकाच दिवशी सारखेच बिघडणं जवळजवळ अशक्य. म्हणून दोघांमध्ये सामाईक काय आहे तेवढंच पाहायचं. सामाईक दोनच गोष्टी : मीटरला मिळणारा करंट आणि डॅशबोर्डचा अर्थ (अर्थिंग), म्हणजे करंटची बॉडीतून बॅटरीकडे परतायची वाट.

आधी मीटर कोणत्या जातीचे ते ठरवू. किल्ली फिरवल्यावर काटा झटकन जागेवर जातो की अर्धा मिनिट घेत सावकाश चढतो? तुम्ही ‘हळूहळू’ लिहिलंय, म्हणून विचारतो. झटकन उठणारा काटा म्हणजे आत विद्युतचुंबकाच्या कॉइल. सावकाश चढणारा म्हणजे बायमेटल. दोन धातूंची चिकटवलेली पट्टी असते, तिच्यावर बारीक तारेची गुंडाळी. सेन्सरमधून जितका करंट जाईल तितकी गुंडाळी तापते, पट्टी वाकते, काटा सरकतो. अशा मीटरला बॅटरीचा करंट थेट देत नाहीत. बॅटरी किल्लीवर १२.५ असते आणि गाडी चालू झाली की १४ च्या आसपास जाते. मग पेट्रोल तेवढंच असूनही काटा हलत राहील. म्हणून मध्ये स्टॅबिलायझर असतो, तो सरासरी १० व्होल्ट देतो.

रेस केल्यावर काटे वर सरकतात असं तुम्ही लिहिलंय, ते फार उपयोगाचं आहे. स्टॅबिलायझर काम करत असता तर रेसचा काट्यांवर परिणाम झाला नसता.

डॅशबोर्डमागे काडेपेटीपेक्षा लहान पत्र्याची डबी आहे का पाहा, तोच स्टॅबिलायझर. तिच्यावर ‘बी’ आणि ‘आय’ अशी अक्षरं असतात. ‘बी’ला किल्लीचा करंट येतो, ‘आय’वरून मीटरला जातो. तिसरं टोक म्हणजे अर्थ. बहुतेक डब्यांत ते वेगळं नसतं, डबीचा पत्राच अर्थ असतो.

लाल_मार्क३

काका, काटे सावकाशच चढतात, पूर्ण वर जायला अर्ध्या मिनिटाच्या आसपास लागतं. डबी आहे, मीटर पॅनेलच्या मागे एका स्क्रूवर. वायरिंग नवीन करताना तीच जुनी डबी परत बसवली होती.

इलेक्ट्रिशियनने सेन्सरची वायर काढून बॉडीला टेकवून दाखवली होती. काटा वर गेला म्हणून मीटर जिवंत आहे असं आधी म्हणाले, नंतर मीटर खराब असं म्हणाले. माझा गोंधळ त्यामुळेच झाला.

अजनी_शेड

ती वायर पुन्हा बॉडीला टेकवू देऊ नका. सेन्सरचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, मध्ये नसला की सगळा करंट त्या बारीक गुंडाळीतून जातो. स्टॅबिलायझर १० व्होल्टवर असेल तर क्षणभर निभावतं, पण तुमच्याकडे पूर्ण बॅटरी जाते आहे असा मला संशय आहे. तसं असेल तर मीटर खरोखर जळेल. तपासायचंच असेल तर वायर आणि बॉडीच्या मध्ये साठ-सत्तर ओहमचा रेझिस्टर धरा, या पद्धतीच्या मीटरवर काटा मध्याच्या आसपास यायला हवा.

आता मल्टिमीटर घ्या. आधी किल्ली बंद ठेवून टेंपरेचर सेन्सरची वायर काढा. मग किल्ली चालू करून काटा पाहा. नंतर तसंच टाकीच्या वायरला. टाकीजवळ काम करताना बॅटरीचं निगेटिव्ह आधी सोडवा, वायर काढा, हाताला लागणार नाही अशी बाजूला बांधा आणि मगच बॅटरी जोडा. पेट्रोलच्या वाफेजवळ एक ठिणगी पुरते.

मग किल्ली चालू, इंजिन बंद ठेवून तीन ठिकाणी मोजा. काळा प्रोब प्रत्येक वेळी बॅटरीच्या निगेटिव्हवरच ठेवायचा, डॅशबोर्डच्या पत्र्यावर नाही. लाल प्रोब आधी ‘बी’वर, मग ‘आय’वर, मग डबीच्या उघड्या पत्र्यावर. डबीवर तर नक्की ठेवा, बहुतेक लोक तेवढंच सोडून देतात.

वऱ्हाडी_पाना

डिजिटल मल्टिमीटरवर ‘आय’चं रीडिंग उड्या मारत असेल तर घाबरू नका भाऊ. जुना स्टॅबिलायझर सलग १० व्होल्ट देतच नाही. आतला संपर्क जुळतो, सुटतो, जुळतो, सुटतो. पूर्ण बॅटरी काही वेळ जाते, काही वेळ बंद, आणि सरासरी १० पडते. मीटर सावकाश हलणारा असल्यामुळे काट्याला ते जाणवत नाही. काट्याचा जुना मल्टिमीटर असेल तर त्यावर चांगलं दिसते. नसेल तर पॅनेलचा २.२ वॅटचा छोटा बल्ब ‘आय’ आणि बॅटरी निगेटिव्हच्या मध्ये लावा. लुकलुकला म्हणजे डबी जिवंत.

लाल_मार्क३

आज मोजलं.

टेंपरेचरची वायर काढल्यावर काटा पूर्ण खाली येतो. टाकीची काढल्यावर पेट्रोलचाही खाली. टाकीच्या फ्लोटचा रोध ७० ओहमच्या जवळ दाखवतो, अर्ध्या टाकीला.

‘बी’वर १२.४. ‘आय’वर पण १२.४, अजिबात हलत नाही. बल्ब लावला तर सलग पेटून राहतो. आणि डबीच्या पत्र्यावर १२.१! पत्रा म्हणजे अर्थ ना काका? त्यावर १२ व्होल्ट कसे?

अजनी_शेड

हेच पाहायचं होतं. आता एकेक घ्या.

वायर काढल्यावर काटा खाली येतो, म्हणजे मीटरपासून सेन्सरपर्यंतची वायर मध्ये कुठे सोलून बॉडीला लागलेली नाही. अर्ध्या टाकीला ७० ओहम हे अगदी योग्य. तुमचा फ्लोट बरोबर आहे, आणि बदलण्याआधीचाही बहुधा बरोबरच होता. जुना टाकला नसेल तर जपून ठेवा.

आता डबी. आत एक बायमेटल पट्टी आणि तिच्यावर तापणारी गुंडाळी असते. गुंडाळीचं एक टोक करंटच्या बाजूला, दुसरं डबीच्या पत्र्याला. गुंडाळी तापली की पट्टी वाकून संपर्क सोडते, थंड झाली की परत जोडते. पत्र्याला अर्थ मिळाला नाही तर गुंडाळीतून करंट जायला वाटच नाही. ती तापत नाही, पट्टी वाकत नाही, संपर्क कायम जुळलेला राहतो. म्हणून ‘आय’वर पूर्ण १२.४ आणि बल्ब सलग. आणि वाट नसलेल्या गुंडाळीच्या टोकाला, म्हणजे डबीच्या पत्र्यावर, मल्टिमीटरला जवळजवळ बॅटरीचंच व्होल्टेज दिसतं.

तुमच्या डबीला अर्थ नाही. पेंटिंगच्या वेळी पॅनेलला पावडर कोटिंग केलं होतं का?

लाल_मार्क३

हो! पॅनेल पूर्ण काळ्या पावडर कोटिंगचं केलंय. पॅनेल डॅशबोर्डला बसतं तिथे मी नवीन रबरी वॉशरही घातलेत, खडखड होऊ नये म्हणून.

अजनी_शेड

मग पक्कं. आधी एक वायर घेऊन एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं डबीच्या पत्र्याला धरा, किल्ली चालू. काही सेकंद थांबा, गुंडाळी तापायला वेळ लागतो. मग बल्ब लुकलुकायला लागेल.

लाल_मार्क३

लुकलुकतोय! पहिले काही सेकंद सलग होता, मग सुरू झाला. टेंपरेचरचा काटा खाली ‘सी’वर आला आणि पेट्रोलचा बरोबर अर्ध्यावर थांबला. आईला बोलावून दाखवलं. काका, तुमचे मनापासून आभार. दोन नवीन मीटरची ऑर्डर मी आज देणार होतो.

अजनी_शेड

छान. आता पक्कं करा, नुसती वायर खोचू नका. स्क्रूखालचं कोटिंग पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासा, दातेरी वॉशर घाला. तेवढ्यावर भरवसा न ठेवता पॅनेलपासून वेगळी काळी वायर काढा, दोन्ही टोकांना लग (बोल्टखाली बसणारी धातूची कडी) क्रिम्प करा आणि ती डॅशबोर्डखाली बॉडीच्या चांगल्या बोल्टवर आणा. रबरी वॉशर ठेवायचे तर ठेवा, पण अर्थ स्वतंत्र वायरनेच येऊ द्या. घट्ट केल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावा, पावसाळ्यात गंज धरणार नाही.

डबी बसवताना दिशा पाहा. जुन्या डब्यांवर वरची बाजू कोणती ते लिहिलेलं असतं. पट्टी उष्णतेवर चालते, डबी आडवी किंवा उलटी लावली तर आतली गरम हवा वेगळी फिरते आणि व्होल्टेज चुकतं.

कामठीरोडवाला

वायरिंग नवीन करून घेतली म्हणता तर वायरचे रंग कसे आहेत? माझ्या गाडीत कारागिराने सगळ्याच वायर लाल टाकून दिल्या. आता काही शोधायचं झालं की अर्धा दिवस जाऊन राहिला.

वऱ्हाडी_पाना

नवीन वायरिंग करून घेणाऱ्या प्रत्येकाने रंगांचा आग्रह धरावा. जुन्या ब्रिटिश पद्धतीत तपकिरी म्हणजे थेट बॅटरी, फ्यूज नाही. पांढरा म्हणजे किल्लीनंतर, फ्यूज नाही. हिरवा म्हणजे किल्लीनंतर फ्यूजमधून आलेला. मीटर, ब्रेक लाइट, इंडिकेटर, वायपर यांना हाच. स्टॅबिलायझरनंतर मीटरला जाणारा फिका हिरवा. टाकीच्या फ्लोटची वायर हिरव्यावर काळी रेघ, टेंपरेचरची हिरव्यावर निळी रेघ. अर्थ काळा. एवढं पाठ असलं की डॅशबोर्डखाली डोकं घालून टॉर्च धरली तरी समजते.

आणि फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळलेली दिसली तर आधी ती काढा. हिरव्या सर्किटवर कुठे शॉर्ट झाला तर तार जळणार नाही, वायरिंग जळेल. अशी जळलेली गाडी मी पाहिली आहे आणि ती पुन्हा रस्त्यावर आली नाही.

लाल_मार्क३

माझ्यात मागच्या सगळ्या वायर लाल आणि काळ्याच आहेत. आणि आता एक नवीन गोष्ट दिसली, म्हणून परत आलोय.

टेंपरेचरचा काटा आता अगदी शिस्तीत आहे. पेट्रोलचा चालताना बरोबर. पण व्हरायटी चौकातल्या सिग्नलवर ब्रेकवर पाय ठेवून उभा राहिलो की पेट्रोलचा काटा सावकाश खाली यायला लागतो. सिग्नल सुटला, पाय काढला की परत चढतो. सुरुवातीला पेट्रोल टाकीत हलतं म्हणून असेल असं वाटलं. पण घरासमोर उभ्या गाडीत ब्रेक दाबून पाहिला तरी तेच.

अजनी_शेड

उभ्या गाडीत करून पाहिलंत हे उत्तम केलंत. यावेळी एकच काटा चुकतोय, तेव्हा दोष फक्त त्याच्या वाटेवर शोधायचा. आणि ब्रेकने चुकतो, म्हणजे ब्रेक लाइट आणि टाकी यांची कुठेतरी भागीदारी आहे. माझा अंदाज : मागच्या सगळ्या काळ्या वायर डिकीत एकाच स्क्रूवर आणल्या आहेत आणि तो स्क्रू रंगावर बसलाय.

काळा प्रोब लांब वायरने बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल प्रोब टाकीच्या फ्लोटच्या पत्र्यावर. आधी ब्रेक न दाबता, मग कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगून.

लाल_मार्क३

ब्रेक न दाबता ०.०६. ब्रेक दाबल्यावर १.७. आणि हो, डिकीत डाव्या कोपऱ्यात एकाच स्क्रूवर पाच काळ्या वायर आहेत. खाली नवीन रंग.

अजनी_शेड

हिशोब करून पाहा. ब्रेकचे दोन बल्ब २१ वॅटचे, म्हणजे ४२ वॅट. १२ व्होल्टला साडेतीन अँपिअर. साडेतीन अँपिअरला १.७ व्होल्ट पडतात म्हणजे त्या स्क्रूवर जवळजवळ अर्धा ओहम रोध आहे. अर्थच्या जोडावर असा रोध चालतच नाही. ब्रेक दाबला की फ्लोटची जमीनच पावणेदोन व्होल्टने वर उचलली जाते, मीटरमधून करंट कमी जातो, काटा खाली येतो. ब्रेक न दाबता फक्त फ्लोटचा किरकोळ करंट त्या जोडातून जातो, म्हणून ०.०६ एवढंच दिसतं आणि काटा बरोबर वाटतो. याच कारणाने तुमचे ब्रेक लाइटही मंद असणार, आणि मागच्या गाडीवाल्याच्या दृष्टीने ते पेट्रोलच्या काट्यापेक्षा महत्त्वाचं आहे.

स्क्रूखालचा रंग काढा. फ्लोटची अर्थ वायर या गर्दीतून वेगळी करून दुसऱ्या स्वच्छ बोल्टवर द्या. नंतर ब्रेक दाबून परत मोजा. ०.२ च्या आत यायला हवं.

आणि इंजिन ते बॉडी ही जाळीची पट्टी आहे ना? ती नसेल तर स्टार्टरचा सगळा करंट अॅक्सिलरेटर आणि चोकच्या केबलमधून वाट काढतो. टेंपरेचरचा सेन्सर इंजिनावरच अर्थ होतो, म्हणून ती पट्टी सैल असली तरी काटा चुकतो. सेन्सरच्या आट्यांवर सफेद टेप गुंडाळून बसवला असेल तर तोही काढा. त्या टेपने अर्थ तुटू शकतो.

लाल_मार्क३

टेप नव्हता, पट्टी आहे आणि घट्ट आहे. मागचे सगळे जोड घासून दोन बोल्टवर वाटले. ब्रेक दाबून आता ०.०८. काटा हलत नाही. ब्रेक लाइट खरंच उजळ झाले, शेजारच्यांनीही ओळखलं.

एक शंका. डबी जुनी आहे. ती पुढे दगा देणार असेल तर आधीच बदलावी का? इलेक्ट्रॉनिक लावतात म्हणे.

वऱ्हाडी_पाना

मी लावली आहे. ७८१० नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर, सीताबर्डी बाजारात मोदी नंबरच्या गल्ल्यांत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळते, किंमत अगदी किरकोळ. समोरून अक्षरं दिसतील असा धरला तर डावीकडून पहिला पाय ‘बी’, मधला अर्थ, तिसरा ‘आय’. इनपुट आणि अर्थच्या मध्ये ०.३३, आउटपुट आणि अर्थच्या मध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. मी तर जुन्या डबीतली पट्टी काढून तिच्याच आत बसवला, बाहेरून काही कळत नाही. मागची धातूची पट्टी डबीच्या पत्र्याला स्क्रूने आवळा, अर्थही मिळतो आणि उष्णताही निघून जाते.

अजनी_शेड

पद्धत बरोबर आहे, दोन गोष्टी जोडतो. ७८१० ला १० देण्यासाठी आत १२ च्या आसपास लागतात. बॅटरी उतरलेली असेल तर काटे थोडे कमी दाखवतील, ते समजून घ्या. दुसरं, त्यालाही अर्थ लागतोच. अर्थ तुटला तर तोही १० धरून ठेवू शकत नाही.

लाल_मार्क३, माझं मत विचाराल तर तुमची मूळ डबी लुकलुकते आहे, काटे बरोबर आहेत, तेव्हा तिला राहू द्या. ७८१० बनवून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा.

मॉरिस_धरमपेठ

धागा वाचून फार आनंद झाला. माझ्याकडे मॉरिस मायनर १००० आहे, ९४८ सीसीवाली. बॅटरीचं पॉझिटिव्ह बॉडीला आहे. पेट्रोलचा काटा रिकाम्या टाकीलाही वरच राहतो. मीही ७८१० लावू का?

अजनी_शेड

थांबा, लावू नका. तुमची गाडी पॉझिटिव्ह अर्थची आहे, तिथे ७८१० चालत नाही. लागलाच तर ७९१० लागेल, आणि त्याची मागची धातूची पट्टी अर्थला नसून इनपुटला जोडलेली असते. ती बॉडीला टेकली की सरळ शॉर्ट. अभ्रकाची चकती आणि प्लास्टिकचा बुश घालूनच बसवावा लागतो.

पण त्याआधी मुळातला प्रश्न. किल्ली फिरवल्यावर काटा सावकाश चढतो की झटकन उठतो?

मॉरिस_धरमपेठ

झटकन. किल्ली फिरवली की लगेच वर.

अजनी_शेड

मग तुमचा मीटर कॉइलचा आहे. त्याला स्टॅबिलायझर नसतो आणि लागतही नाही. या मीटरची रीतही उलटी आहे : फ्लोटकडची वायर तुटली किंवा फ्लोटचा अर्थ गेला की काटा खाली न येता वर जातो. त्यामुळे तुमच्या बाबतीत आधी टाकीच्या फ्लोटचा अर्थ आणि मग डिकीपर्यंतची वायर तपासा. उंदरांनी कुरतडलेली असेल तर गालिच्याखाली दिसेल.

काम सुरू करताना बॅटरीचं पॉझिटिव्ह टर्मिनल आधी काढा, निगेटिव्ह नाही. जे टोक बॉडीला आहे तेच आधी सुटायला हवं, नाहीतर पाना बॉडीला लागला की ठिणगी पडेल. रीडिंग इथे टाका, पुढचं पाहू.